वटवाघूळ शुभ, मासा म्हणजे शिल्लक : चिनी जेड शिल्पांची सांकेतिक भाषा

ऑगस्ट २००८ मध्ये बीजिंग ऑलिंपिकमध्ये सुशीलकुमारने कुस्तीचे कांस्यपदक मिळविले, तेव्हा सातारा जिल्ह्यातील क्रीडाप्रेमींना खाशाबा जाधवांची आठवण होणे स्वाभाविक होते. कराड तालुक्यातील गोळेश्वरच्या या मल्लाने १९५२ मध्ये हेलसिंकी येथे कांस्यपदक पटकावले होते. त्यानंतर कुस्तीतील दुसरे ऑलिंपिक पदक मिळण्यास भारताला तब्बल ५६ वर्षे वाट पाहावी लागली. दोन्ही पदके कांस्याचीच. मात्र बीजिंगच्या पदकात एक गोष्ट अधिक होती. पदकाच्या मागील बाजूस हिरवट दगडाचे एक गोल कडे बसविलेले होते. अभिनव बिंद्राच्या सुवर्णपदकातही असेच कडे होते, फक्त त्याचा दगड पांढरा होता. हा दगड म्हणजे जेड.

पदकात दगड कशासाठी, असा प्रश्न आपल्याकडे फारसा कोणी विचारला नाही. चिनी प्रेक्षकाला तो विचारण्याची गरजच नव्हती. मध्यभागी छिद्र असलेली जेडची चकती त्याच्या पूर्वजांनी सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीपासून घडविली आहे. तिला 'बी' म्हणतात आणि परंपरेने ती आकाशाचे प्रतीक मानली जाते. धातू पाश्चात्त्यांचा आणि दगड आमचा, असा हा न बोलता केलेला उल्लेख होता. त्याच ऑलिंपिकचे उद्घाटन ८ ऑगस्ट २००८ रोजी रात्री ८ वाजता झाले, तेही उगाच नव्हे. चिनी भाषेत आठला 'बा' म्हणतात आणि त्याचा उच्चार भरभराट या अर्थाच्या 'फा' या शब्दाशी जुळतो. उच्चार जुळला की शकुन जुळला, हे चिनी प्रतीकशास्त्राचे मूळ सूत्र होय. जेडवरील कोरीवकाम वाचण्याची किल्लीही हीच आहे.

संग्रहालयातील काचेच्या कपाटासमोर उभा राहणारा आपला प्रेक्षक बहुधा तेथेच चुकतो. फुलदाणीवर वटवाघूळ का, घोड्याच्या पाठीवर माकड का, एवढ्या मौल्यवान दगडातून कोबीचा गड्डा कशासाठी घडविला, हे त्याला उमगत नाही. कारागिरीचे कौतुक करून तो पुढे सरकतो. वास्तविक या वस्तू केवळ पाहण्यासाठी नसतात. त्यांतील बहुतेक एखाद्या शुभेच्छापत्रासारख्या वाचायच्या असतात.

श्लेषाचे शिल्प

वटवाघळाचेच उदाहरण घेऊ. आपल्याकडे हा प्राणी अशुभ मानला जातो. वाड्यात वटवाघळे शिरली म्हणजे वाडा ओस पडला, असा समज आहे. चिनी भाषेत मात्र वटवाघळाच्या नावातील 'फू' हा उच्चार सौभाग्याच्या 'फू'शी तंतोतंत जुळतो. त्यामुळे चिनी कलेत इतका लाडका प्राणी क्वचितच दुसरा असेल. पाच वटवाघळे एकत्र असतील तर ती पाच सौभाग्ये समजावीत : दीर्घायुष्य, संपत्ती, आरोग्य, सद्गुणांची आवड आणि आयुष्य पूर्ण करून आलेला शांत मृत्यू. वटवाघूळ उलटे लटकलेले असेल तर अर्थ आणखी वाढतो. 'उलटे' आणि 'येऊन पोहोचले' या दोन्हींसाठी 'दाओ' असाच उच्चार होतो. म्हणजे सौभाग्य दारात आले.

मासा 'यू', आणि शिल्लक किंवा मुबलकताही 'यू'. म्हणून जेडचा मासा भेट देणे म्हणजे घरात पुरून उरावे अशी इच्छा व्यक्त करणे. माशासोबत कमळ असेल तर 'लियन' हा कमळाचा उच्चार 'सतत, ओळीने' या अर्थाच्या शब्दाशी जुळतो आणि संपूर्ण शिल्पाचा अर्थ 'वर्षानुवर्षे शिल्लक राहो' असा होतो. हरिण 'लू', आणि सरकारी वेतनही 'लू'. सुरई 'पिंग', आणि शांतताही 'पिंग'. माकड 'हौ', आणि प्राचीन चीनमधील एक सरदारी किताबही 'हौ'. घोड्यावर माकड बसविले की गंमत पूर्ण होते, कारण 'मा शांग' या शब्दांचा एक अर्थ 'घोड्यावर' आणि दुसरा 'ताबडतोब' असा आहे. परीक्षेला बसणाऱ्या किंवा बढतीची वाट पाहणाऱ्या माणसाला असे शिल्प दिले, तर 'लवकरच सरदार व्हाल' हा आशीर्वाद त्यात आपोआप आला. मांजर आणि फुलपाखरू एकत्र दिसले तर ते वृद्धांसाठी समजावे. 'माओ' आणि 'दिए' हे दोन उच्चार सत्तरी-ऐंशीच्या वयाचे वाचक शब्दही आहेत.

या पद्धतीला पंतकाव्यातील श्लेष मुरलेल्या मराठी वाचकाने हसण्याचे कारण नाही. उच्चाराचे भय आणि उच्चाराची भक्ती आपल्या घरांतही आहे. निघताना आपण 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. देवापुढचा दिवा विझवत नाही, तो शांत करतो. बांगडी फुटली तरी जुन्या बायका 'बांगडी वाढवली' असेच म्हणत. फरक इतकाच, की आपण अशुभ शब्द टाळतो, तर चिनी माणूस शुभ शब्दाचे चित्र काढून तो दगडात कोरतो. बांगडीच्या बाबतीत तर दोन्ही संस्कृती फारच जवळ येतात. जेडची बांगडी हातात असताना तडकली, तर घालणारीवर येऊ घातलेले संकट तिने स्वतःवर घेतले, अशी समजूत चीनमध्ये आजही आढळते.

सर्वच प्रतीके श्लेषावर उभी नाहीत, हेही खरे. काही कथांतून आली आहेत. पश्चिमेच्या राणीमातेच्या बागेत अमरत्व देणारी फळे पिकतात, या कथेमुळे पीच हे फळ दीर्घायुष्याचे चिन्ह ठरले. करकोचा, पाइन वृक्ष आणि लिंगझी नावाची अळंबीही आयुष्याशीच जोडली गेली. डाळिंब बियांमुळे संततीचे प्रतीक बनले. काही प्रतीके निरीक्षणातून आली आणि त्यांतील सर्वांत हृद्य म्हणजे सिकाडा हा कीटक. त्याची अळी कित्येक वर्षे जमिनीखाली राहते आणि मग वर येऊन, कात टाकून पंखांनिशी उडते. हान राजवटीच्या काळात (इ.स.पू. २०६ ते इ.स. २२०) मृताच्या जिभेवर जेडचा छोटा सिकाडा ठेवीत, तो याच पुनर्जन्माच्या आशेने. आपल्याकडे मुखात तुळशीपत्र ठेवतात, त्याची येथे आठवण होते.

आता कोबीकडे वळू. तैपेई येथील नॅशनल पॅलेस म्युझियममधील जेडाइटचा कोबी हे जगातील सर्वांत प्रसिद्ध जेड शिल्प म्हणावे लागेल. त्याची उंची १९ सेंटिमीटरही नाही. दगड अर्धा पांढरा, अर्धा हिरवा आणि जागोजाग तडे गेलेला होता. बांगड्या किंवा फुलदाणी करायला तो निरुपयोगी ठरला असता. अनामिक कारागिराने पांढऱ्या भागाचे देठ केले, हिरव्या भागाची पाने केली आणि तडे पानांच्या शिरांत लपवून टाकले. पानांवर दोन कीटक बसविले. १८८९ मध्ये चिनी सम्राटाच्या अंतःपुरात आलेल्या एका राणीच्या हुंड्यातील ही वस्तू असावी, असे मानले जाते. तसे असेल तर पांढरे देठ हे वधूच्या शुचितेचे आणि भरपूर अंडी घालणारे कीटक हे भावी संततीचे चिन्ह होय. शिवाय कोबीचे चिनी नाव 'बाइत्साइ' हे 'शंभर प्रकारचे धन' या शब्दांच्या जवळ जाते.

कोरलेला नव्हे, उगाळलेला

खटाव तालुक्यातील औंध येथे यमाईच्या डोंगरावर श्री भवानी संग्रहालय आहे. औंधचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९३८ मध्ये ते उभारले. एका छोट्या संस्थानाचा राजा, जो स्वतः चित्रकार होता, रविवर्म्यापासून हेन्री मूरपर्यंतची कला माणदेशाच्या उंबरठ्यावर आणून ठेवतो, ही आजही थक्क करणारी गोष्ट आहे. तेथील चंदनाचे आणि हस्तिदंताचे बारीक कोरीवकाम ज्यांनी पाहिले आहे, त्यांना जेडची कारागिरी समजावून घेणे सोपे जाईल, कारण ती नेमकी त्याच्या उलट आहे.

चंदन आणि हस्तिदंत पटाशीने कापता येतात. आपल्या पाथरवटाचा काळा पाषाण छिन्नी-हातोडीने फोडता येतो. जेडवर यांपैकी काहीच चालत नाही. साध्या पोलादाच्या सुरीने त्यावर ओरखडाही उठत नाही, आणि त्याचे धागे एकमेकांत इतके गुंतलेले असतात की हातोडीच्या घावाने तो हवा तसा तुटत नाही. हिरा जेडपेक्षा कितीतरी कठीण, पण घाव बसला तर फुटतो. जेड कमी कठीण, पण अत्यंत चिवट. त्यामुळे त्यावर काम करण्याचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे झिजविणे. जेडहून कठीण खनिजांची वाळू आणि पाणी यांचा लगदा करून, पायाने फिरविलेल्या चकतीच्या साह्याने कारागीर दगड कणाकणाने घासत असे. सहाणेवर चंदन उगाळावे तशीच ही क्रिया, फक्त येथे उगाळल्यावर जे उरते ते मोलाचे. एका साध्या वाडग्याला काही महिने लागत. मोठ्या कामाला किती वेळ लागे, याचे उदाहरण बीजिंगच्या राजवाड्यात आहे. महापुराला आवर घालणाऱ्या 'यू' राजाची कथा सांगणारा तेथील जेडचा पर्वत सुमारे सव्वादोन मीटर उंच आणि पाच टनांहून अधिक वजनाचा आहे. यांगचौ शहरातील कारागिरांनी सहा वर्षे खपून तो १७८७ मध्ये पूर्ण केला.

'जेड' या एकाच नावाखाली दोन वेगळे दगड येतात, हे येथे सांगावयास हवे. नेफ्राइट हा पहिला. दुधी पांढऱ्यापासून गडद हिरव्यापर्यंत त्याच्या छटा असतात आणि स्पर्शाला तो तुपासारखा स्निग्ध वाटतो. प्राचीन चीनचे जवळजवळ सर्व जेड हेच आहे. त्यातील उत्तम प्रत मध्य आशियातील खोतानच्या नद्यांमधून येई. तेथील दोन नद्यांची नावेच पांढरे जेड आणि काळे जेड अशा अर्थाची आहेत. दुसरा दगड जेडाइट. पाचूसारखा झळझळीत हिरवा रंग त्यात मिळतो. तो उत्तर म्यानमारमधून मोठ्या प्रमाणावर चीनमध्ये येऊ लागला तो अठराव्या शतकात. हे दोन्ही दगड रासायनिकदृष्ट्या निरनिराळे आहेत, हे फ्रेंच शास्त्रज्ञ दामूर यांनी १८६३ मध्ये दाखवून दिले. म्हणून एखाद्या दुकानात झळझळीत हिरवी वस्तू 'दोन हजार वर्षांपूर्वीची चिनी' म्हणून पुढे आली, तर दुकानदाराला नमस्कार करून बाहेर पडावे.

चिनी माणसाने या दगडावर केवळ शकुन कोरला नाही, चारित्र्यही आरोपित केले. कन्फ्यूशियसच्या परंपरेत जेडचे गुण हे सज्जनाचे गुण मानले गेले : स्निग्धता म्हणजे दया, चिवटपणा म्हणजे धैर्य, धार असूनही न कापणारी कड म्हणजे न्यायबुद्धी. हानकालीन राजपुत्र ल्यू शंग इ.स.पू. ११३ मध्ये मरण पावला, तेव्हा त्याचे शरीर जेडच्या २,४९८ तुकड्यांच्या आणि सुमारे ११०० ग्रॅम सोन्याच्या तारेच्या पोशाखात गुंडाळण्यात आले. जेडमुळे देह कुजत नाही, अशी श्रद्धा त्यामागे होती. १९६८ मध्ये थडगे सापडले तेव्हा पोशाखाचे तुकडे शिल्लक होते, राजपुत्राची माती झाली होती.

'हवालदिल' शब्दाचा दगड

जेड हा विषय आपल्यापासून फार दूरचा वाटत असेल, तर मराठीतील 'हवालदिल' हा शब्द आठवावा. 'हौल' म्हणजे धास्ती आणि 'दिल' म्हणजे हृदय. मोगल काळात धडधडणाऱ्या हृदयाला शांत करण्यासाठी जेडचे एक पदक गळ्यात घालीत. ते छातीवर टेकलेले असे आणि त्याला 'हौलदिली' म्हणत. शहाजहानची अशी हौलदिली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. आजार शब्दाच्या रूपाने आपल्या भाषेत राहिला, औषध मात्र विस्मृतीत गेले. गंमत अशी, की त्याच सुमारास युरोप हाच दगड वेगळ्याच अवयवासाठी वापरत होता. स्पॅनिश लोक त्याला 'कुशीचा दगड' म्हणत, कारण तो पोटशूळ आणि मूत्रपिंडाचे विकार बरे करतो, असा त्यांचा समज होता. 'जेड' हा शब्द त्यातूनच आला, तर 'नेफ्राइट' हा मूत्रपिंडाच्या ग्रीक नावावरून.

मोगलांना जेडचे वेड वारशाने मिळाले होते. समरकंद येथील तैमूरच्या कबरीवरील शिळा गडद जेडची आहे. तैमूरचा नातू उलुघ बेग याचा जेडचा गडवा पुढे जहांगीर व शहाजहान यांच्याकडे आला. त्यांनी त्यावर आपापली नावे कोरविली, आणि आज तो लिस्बनमधील गुल्बेंकियन संग्रहालयात पाहावयास मिळतो. शहाजहानचा १६५७ मधील मद्याचा पेला तर मोगल कारागिरीचा कळसच होय. दुधी जेडच्या अर्ध्या भोपळ्याला तळाशी कमळाच्या पाकळ्या आणि मुठीच्या जागी रानबोकडाचे डोके. हाही पेला लंडनमध्येच आहे. हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात जहांगीर व नूरजहान यांची म्हणून दाखविली जाणारी जेडची शस्त्रे आहेत. मिरज किंवा साताऱ्याहून पाहावयास जाण्यास ते तुलनेने जवळचे.

मात्र मोगल आणि चिनी दृष्टीत मोठा फरक आहे. मोगल जडजवाहिऱ्याला जेड म्हणजे माणके आणि पाचू कुंदनात बसविण्याची पार्श्वभूमी वाटे. चिनी कारागिराला दगडच पुरेसा होता. त्यावर माणिक जडविणे त्याला चंदनाला अत्तर लावण्यासारखे वाटले असते. असे असूनही अठराव्या शतकातील चिनी सम्राट च्येनलुंग हा 'हेंदुस्तान'च्या जेडवर मोहित झाला. १७६० च्या सुमारास मध्य आशियाचा प्रदेश त्याच्या ताब्यात आला आणि त्या वाटेने भारतीय व मध्य आशियाई जेडच्या वस्तू बीजिंगला पोहोचू लागल्या. कागदासारख्या पातळ भिंतींचे ते वाडगे पाहून त्याने त्यांच्यावर कविता रचल्या आणि त्या चक्क वाडग्यांवरच कोरविल्या. भारतीय कारागिराच्या पेल्यावर चिनी सम्राटाची कविता, असे नमुने आज तैपेईच्या संग्रहात आहेत.

महाराष्ट्रात चिनी जेड पाहावयाचे तर मुंबईला जावे लागते. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, म्हणजे पूर्वीचे प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम, १९२२ मध्ये लोकांसाठी खुले झाले. त्याच सुमारास जमशेटजी टाटांचे धाकटे चिरंजीव सर रतन टाटा (१८७१-१९१८) यांचा कलासंग्रह तेथे आला. वडीलबंधू सर दोराबजी टाटा यांचा संग्रह १९३३ मध्ये आला. चिनी जेड, तपकिरीच्या नक्षीदार बाटल्या आणि चिनी मातीची भांडी हे या संग्रहांचे एक वैशिष्ट्य होय. टाटांना चीनची ओढ वाटावी यात नवल नाही. जमशेटजी १८५९ मध्येच व्यापारासाठी हाँगकाँगला गेले होते, आणि मुंबईच्या कित्येक पारशी घराण्यांची संपत्ती चिनी व्यापारातून उभी राहिली. त्या व्यापारात अफूही होती, हे विसरून चालणार नाही. पारशी स्त्रियांच्या 'गारा' साड्यांवरील करकोचे, पिओनीची फुले आणि अळंबी ही जेडवरील तीच प्रतीके आहेत, दगडाऐवजी रेशमावर उतरलेली. संग्रहालयाच्या चिनी दालनात जाणाऱ्याने एकदा कोणतीही एक वस्तू निवडून तिच्यावरील प्राणी व फुले मोजावीत आणि वर दिलेले उच्चार लावून पाहावेत. दालन संपवायला तासाऐवजी दुपार लागेल.

सोने आटते, जेड आटत नाही

सांगली जिल्ह्यातील विटा, खानापूर, आटपाडी या भागांतील गलाई व्यावसायिक देशभरातील सराफ बाजारांत पसरले आहेत. सोन्या-चांदीची आटणी करून शुद्ध धातू वेगळा काढणे हा त्यांचा व्यवसाय. दागिना कोणताही असो, मुशीत घातला की त्याची खरी किंमत समोर येते. जेडच्या बाबतीत ही सोयच नाही. तो आटवता येत नाही, त्याचा तोळ्याचा भाव निघत नाही, आणि रंगातील एका छटेने किंमत शेकडो पटींनी बदलते. सोन्याला भाव असतो, जेडला नसतो, अशा अर्थाची एक म्हणच चिनी भाषेत आहे. फसवणुकीला यापेक्षा सुपीक जमीन ती कोणती ?

जेड ओळखण्याची अडचण चीनमध्येही जुनीच आहे. प्यान ह नावाच्या माणसाला डोंगरात एक ओबडधोबड दगड सापडला. त्याने तो राजाला अर्पण केला. दरबारी पारख्याने तो साधा दगड ठरविला आणि फसवणुकीची शिक्षा म्हणून प्यान हचा डावा पाय तोडण्यात आला. पुढच्या राजाकडे नेल्यावर उजवा. तिसऱ्या राजाने दगड फोडून पाहिला, तेव्हा आत निर्दोष जेड निघाले. पुढे त्याच्या 'बी' चकतीसाठी एका राज्याने पंधरा नगरे देऊ केली, अशी कथा आहे. पारख्याचे पाय कोणी तोडल्याचा उल्लेख कथेत नाही.

२००० नंतरच्या दशकात महाराष्ट्रातील शहरांत फेंगशुईची लाट आली आणि तोंडात नाणे धरलेला तीन पायांचा बेडूक, पोटाळ हसरा बुद्ध व हिरव्या गोट्यांच्या माळा सांगली-साताऱ्याच्या भेटवस्तूंच्या दुकानांपर्यंत पोहोचल्या. त्या हसऱ्या मूर्तीला आपण बुद्ध म्हणत असलो तरी तो गौतम बुद्ध नव्हे. दहाव्या शतकातील बूदाइ नावाच्या, खांद्यावर झोळी टाकून भटकणाऱ्या भिक्षूची ती मूर्ती होय. अशा वस्तू श्रद्धेने किंवा हौसेने घेतल्या तर हरकत नाही. प्रश्न उद्भवतो तो त्यांवर 'अस्सल जेड' असे लिहिलेले असते तेव्हा.

बाजारातील 'इंडियन जेड' हा वस्तुतः ॲव्हेंच्युरिन, म्हणजे हिरव्या अभ्रकाचे कण असलेला क्वार्ट्झ असतो. 'न्यू जेड' म्हणजे सर्पेंटाइन. 'मलेशिया जेड' म्हणजे रंगविलेला क्वार्ट्झाइट. नावात जेड आहे, वस्तूत नाही. काही वस्तू रेझिनच्या, तर काही निव्वळ काचेच्या असतात. अस्सल जेडाइटमध्येही लबाडी चालते. दगड आम्लात बुडवून डाग काढतात आणि पोकळ झालेल्या भागात प्लास्टिकसारखे द्रव्य भरतात. व्यापारात अशा मालाला 'बी' प्रत म्हणतात. नैसर्गिक माल 'ए', रंगविलेला 'सी'.

ओरखड्याची परीक्षा फारशी उपयोगी नाही, कारण क्वार्ट्झ जेडाइतकाच, किंबहुना त्याहून कठीण असतो. वस्तू विस्तवावर धरणे किंवा आपटून पाहणे हा तर शुद्ध वेडेपणा. त्यापेक्षा सराफाच्या काट्यावर एक साधी परीक्षा होऊ शकते. वस्तूचे वजन आधी हवेत घ्यावे, मग दोऱ्याने पाण्यात टांगून घ्यावे. पहिल्या वजनाला दोन्हींतील फरकाने भागले की विशिष्ट गुरुत्व मिळते. जेडाइटचे ते साधारण ३.३, नेफ्राइटचे ३ च्या किंचित खाली, क्वार्ट्झचे २.६५ आणि सर्पेंटाइनचे साधारण २.६ असते. म्हणजे ३३ ग्रॅमचा जेडाइटचा तुकडा पाण्यात सुमारे १० ग्रॅमने हलका होईल, क्वार्ट्झचा साडेबारा ग्रॅमने. अर्थात धातू, मणी किंवा दुसरा दगड जोडलेला असेल तर हे गणित चुकेल. 'बी' प्रतीची लबाडी तर काट्यावर कळतच नाही. त्यासाठी रत्नपरीक्षण प्रयोगशाळेत अवरक्त किरणांची चाचणी करावी लागते आणि मोठ्या रकमेची खरेदी असेल तर त्या प्रमाणपत्राशिवाय व्यवहार करू नये.

अस्सल जेडाइट घेणाऱ्यानेही एक गोष्ट लक्षात ठेवावी. उत्तम हिरवे जेडाइट मुख्यतः म्यानमारच्या काचिन प्रांतातील पाकांत परिसरातून येते. २०१४ या एका वर्षात तेथील उत्पादनाचे मूल्य ३१ अब्ज डॉलरपर्यंत असू शकते, असा अंदाज ग्लोबल विटनेस या संस्थेने २०१५ मध्ये मांडला होता. त्या पैशाचा मोठा वाटा लष्कराशी संबंधित मंडळींकडे जातो आणि बंडखोर गटांनाही त्यातूनच बळ मिळते, असे या अहवालाचे म्हणणे होते. खाणीतून उपसलेल्या मातीचे डोंगर रचले जातात आणि त्यांत राहिलेले जेडचे तुकडे वेचायला गरीब मजूर रात्रंदिवस चढतात. नोव्हेंबर २०१५ मध्ये असा ढिगारा कोसळून शंभरावर माणसे मेली. २ जुलै २०२० रोजी भर पावसात पुन्हा ढिगारा घसरला, खालच्या पाण्यात लाट उसळली आणि १७० हून अधिक मजुरांचा बळी गेला. दीर्घायुष्याचे पीच आणि सौभाग्याचे वटवाघूळ ज्या दगडावर कोरायचे, तो अनेकदा असा निघतो.

जुन्या वस्तूंना हा आक्षेप लागू होत नाही. आजोबा-पणजोबांच्या काळी मुंबई किंवा रंगूनला नोकरी-व्यापार केलेल्या घरांत एखादी हिरवट डबी, बांगडी किंवा मासोळी असू शकते. ती सापडली तर चिंच, लिंबू वा भांडी घासण्याची पावडर लावून चकचकीत करण्याचा मोह टाळावा. कोमट पाणी, साबणाचा एखादा थेंब आणि मऊ ब्रश पुरे. वाळल्यावर ती वेगळ्या मऊ कापडात गुंडाळावी, कारण पेटीतील हिरा किंवा माणिक तिच्यावर ओरखडे काढू शकतो. आणि विकण्याआधी तिच्यावर कोणता प्राणी आहे, तो कोणत्या दिशेला तोंड करून आहे, एकटा आहे की जोडीने, हे भिंगाखाली पाहून लिहून ठेवावे. पारख्याने विचारलेच, तर हीच माहिती उपयोगी पडते.